पीएचडी संपत आली आहे. पोस्टडॉकच्या जागा कुठे आणि कशा शोधाव्यात?

मृद्गंध

नमस्कार. माझी पीएचडी शेवटच्या टप्प्यात आहे आणि साधारण पाच महिन्यांत प्रबंध सादर होईल. खडक किंवा माती यांसारख्या सच्छिद्र पदार्थांतून दोन द्रव एकाच वेळी कसे वाहतात, याचे संगणकीय प्रतिरूपण हा माझा विषय आहे. एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आहे, दुसरा परीक्षकांकडे आहे आणि तिसऱ्याचे लेखन चालू आहे. पुढची दोन-तीन वर्षे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा मुदतबंद संशोधक, म्हणून काम करायचे हे मनाशी पक्के आहे. देश कोणता असावा याबद्दल मात्र माझा कोणताही आग्रह नाही.

गेल्या तीन महिन्यांत मी सुमारे साठ प्राध्यापकांना ईमेल पाठवली. मजकूर सर्वांना जवळजवळ सारखाच होता: माझी ओळख, प्रबंधाचा सारांश, सोबत सीव्ही आणि ‘आपल्या गटात जागा असल्यास कृपया कळवावे’ ही विनंती. त्यांतल्या चौघांनी सध्या निधी नसल्याचे सौजन्याने कळवले. बाकीच्यांकडून काहीच उत्तर आले नाही. जाहिराती पाहून नऊ ठिकाणी रीतसर अर्जही केले. दोन ठिकाणांहून नकार आला आणि उरलेल्यांचे काय झाले हे समजायला मार्ग नाही. माझे काम कमी प्रतीचे आहे की मी चुकीच्या दारांवर थाप मारते आहे, हेच कळेनासे झाले आहे, आणि त्या काळजीत प्रबंधाचे लेखनही रेंगाळू लागले आहे.

जाणकारांना विचारायचे ते असे. माझ्या विषयाच्या नावाने शोध घेतला की महिन्याला एखाददुसरीच जाहिरात सापडते. मग इतरांना जागा मिळतात त्या कुठून? फेलोशिपसाठी स्वतंत्र अर्ज करावा की प्राध्यापकांच्या प्रकल्पातील जागेवरच लक्ष ठेवावे? दुसरा निबंध स्वीकारला जाईपर्यंत थांबावे असे माझे मार्गदर्शक म्हणतात, ते योग्य आहे का? आणि पोस्टडॉकमध्ये विषय थोडा बदलला तर पीएचडीची मेहनत वाया जाते का?

स्थिरप्रवाह

साठ ईमेलींना उत्तर न येणे हा तुमच्या कामाच्या प्रतीचा निकाल नाही, हे सर्वांत आधी सांगतो. मी काही वर्षांपासून एका लहान संशोधनगटाचा प्रमुख आहे आणि तुम्ही वर्णन केली आहे तशा धाटणीची पत्रे मला जवळजवळ रोज येतात. त्यांतली बरीचशी चांगल्या विद्यार्थ्यांची असतात, हेही मला माहीत आहे. पण पत्र वाचताना मी एकच गोष्ट शोधत असतो: या व्यक्तीला माझ्या गटाच्या कामात कोणता प्रश्न दिसला? ते पत्रात नसेल, तर उत्तरादाखल माझ्याकडे ‘जागा आहे’ किंवा ‘जागा नाही’ एवढेच सांगण्यासारखे उरते, आणि बहुतेक दिवशी खरे उत्तर ‘नाही’ हेच असते.

पोस्टडॉकची जागा निर्माण कशी होते, हे समजून घेतले तर शोधाची दिशा बदलते. अध्यापकाचे पद विद्यापीठाच्या मंजूर पदांपैकी असते; पोस्टडॉकचे तसे नसते. गटप्रमुख एखाद्या प्रकल्पाचा प्रस्ताव लिहितो, त्यात दोन किंवा तीन वर्षांसाठी एका पोस्टडॉकच्या वेतनाची तरतूद करतो, तो प्रस्ताव मंजूर होतो आणि मग माणूस शोधण्याची घाई सुरू होते. मंजुरीची बातमी आणि जाहिरात यांच्यामध्ये काही आठवडे, कधी काही महिने जातात. या मधल्या काळात गटप्रमुखाच्या हाती पैसा आलेला असतो, प्रश्न ठरलेला असतो आणि माणूस मिळालेला नसतो. तुमचे पत्र नेमके तेव्हा पोहोचले पाहिजे.

हा काळ ओळखणे अवघड नाही, कारण सार्वजनिक पैशातून दिलेल्या अनुदानांची माहिती बहुतेक मोठ्या देशांत सर्वांसाठी खुली असते. अमेरिकेत एनएसएफ या संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेची मंजूर अनुदाने तिच्याच संकेतस्थळावर शोधता येतात आणि वैद्यकाशी संबंधित कामासाठी एनआयएच रिपोर्टर आहे. युरोपीय संघाचे प्रकल्प कॉर्डिसवर, जर्मनीतील डीएफजी या निधीसंस्थेचे गेप्रिसवर, ब्रिटनचे गेटवे टू रिसर्चवर आणि जपानचे काकेनच्या सूचीत सापडतात. प्रकल्पाचे नाव, सारांश, प्रमुखाचे नाव, आरंभ आणि समाप्तीची तारीख हे सगळे तिथे असते. गेल्या सहा-आठ महिन्यांत सुरू झालेले किंवा लवकरच सुरू होणारे प्रकल्प निवडायचे आणि त्यांचे सारांश नीट वाचायचे, एवढा उद्योग आठवड्यातून एक संध्याकाळ केलात तरी पुरेसा आहे. युरोपीय संशोधन परिषदेची स्टार्टिंग ग्रँट नुकताच स्वतंत्र गट उभारणाऱ्यांना मिळते. ती पाच वर्षांसाठी साधारणपणे १५ लाख युरोंपर्यंत असते आणि तिचे निकाल बहुधा सप्टेंबरात लागतात. ज्यांना ती मिळते त्यांच्यापैकी अनेकांना पुढच्या वर्षभरात दोन-तीन माणसे घ्यायची असतात आणि त्यांच्या नावाभोवती अजून अर्जांची गर्दी झालेली नसते. ख्यातनाम प्राध्यापकांना साठ पत्रे पाठवण्यापेक्षा अशा दहा जणांचे काम वाचून त्यांना लिहिणे मला अधिक फलदायी वाटते.

आता तुमच्या विषयाच्या नावाबद्दल. ‘सच्छिद्र माध्यम’ हा शब्द घेऊन शोधलेत तर जाहिराती थोड्याच सापडणार, कारण तुम्हाला जे येते त्याला प्रत्येक क्षेत्राने आपापले नाव दिले आहे. भूजलशास्त्रात तो प्रदूषकांच्या वहनाचा प्रश्न असतो, कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवणाऱ्यांसाठी मीठपाण्याला विस्थापित करणाऱ्या वायूचा, इंधनघटावर (हायड्रोजनसारख्या इंधनापासून थेट वीज बनवणाऱ्या घटावर) काम करणाऱ्यांसाठी वायुविसरण थरात साचणाऱ्या पाण्याचा आणि बॅटरी तयार करणाऱ्यांसाठी इलेक्ट्रोडमध्ये इलेक्ट्रोलाइट झिरपण्याचा. काँक्रीटमधील ओलावा, कागदावरची शाई, ऊतींमधून औषधाचा प्रवास या सगळ्यांत केशाकर्षण आणि सूक्ष्म छिद्रांची भूमिती हेच मूळ आहे. त्यामुळे एका कागदावर दोन रकाने आखा: डावीकडे तुम्हाला येणाऱ्या पद्धती आणि उजवीकडे त्या पद्धती ज्यांना हव्या आहेत अशा क्षेत्रांचे शब्द. शोध उजव्या रकान्यातील शब्दांनी घ्या. विषय बदलल्याने मेहनत वाया जाते का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. पद्धत सोबत नेऊन प्रश्न बदलणे, किंवा प्रश्न तोच ठेवून नवी पद्धत शिकणे, हे पोस्टडॉकमध्ये करण्यासारखेच आहे. दोन्ही एकदम बदलले तर मात्र पहिले वर्ष शिकण्यातच जाते, आणि करार दोन वर्षांचा असला तर ते परवडत नाही.

आणखी एक वाट आहे आणि संगणकीय काम करणाऱ्यांनी ती मुळीच सोडू नये. तुम्ही जी मुक्त-स्रोत संगणकप्रणाली वापरता तिच्यामागे एखादा गट असतो. ड्यूमक्सचा विकास श्टुटगार्ट विद्यापीठात होतो, एमआरएसटी नॉर्वेच्या सिंटेफ या संशोधनसंस्थेतून येते, टफ ही लॉरेन्स बर्कलीच्या प्रयोगशाळेत घडली आणि मूसचे मूळ आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेत आहे. एखाद्या प्रणालीतील दोष शोधून त्याची दुरुस्ती तुम्ही पाठवलीत किंवा एखादे प्रमाणित उदाहरण लिहून दिलेत, तर त्या गटाला तुमच्या कामाचा दर्जा सीव्हीवरून कल्पावा लागत नाही. त्यांनी तो स्वतः तपासलेला असतो. माझ्या गटातील सध्याच्या पोस्टडॉकशी माझी ओळख अशाच एका दुरुस्तीवरून झाली.

थांबण्याबद्दल: थांबू नका. दुसरा निबंध परीक्षकांकडे असेल तर त्याचे प्रीप्रिंट (परीक्षणापूर्वीची खुली प्रत) अर्काइव्हवर किंवा तुमच्या शाखेच्या तशाच भांडारात ठेवा; नियतकालिकाची त्याला हरकत नाही एवढे आधी पाहून घ्या, बहुतेकांची नसते. ‘परीक्षणाधीन’ या शब्दावरून मला काहीच कळत नाही, पण प्रीप्रिंट मी उघडून वाचू शकतो. पहिल्या पत्रापासून रुजू होण्यापर्यंत व्हिसासह सहज सहा ते नऊ महिने जातात, त्यामुळे प्रबंध सादर करण्याच्या वर्षभर आधीपासून शोध सुरू करणे इष्ट असते. मार्गदर्शकांचे म्हणणे अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण प्रसिद्ध निबंधाने अर्जाला वजन येते. पण ते वजन वाढेपर्यंत जागा थांबत नाहीत.

उत्तरायण

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फेलोशिपचा मुद्दा त्यात आलेला नाही, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते. मी दोन वेळा अपयश घेऊन तिसऱ्या वेळी फेलोशिप मिळवलेली आहे.

प्रकल्पातील जागा आणि फेलोशिप यांत मुख्य फरक असा, की पहिलीत प्रश्न गटप्रमुखाचा असतो आणि दुसरीत तो तुम्हाला मांडावा लागतो. मात्र यजमान, म्हणजे आपल्या गटात जागा देणारा संशोधक, दोन्हीकडे लागतोच. युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्यूरी पोस्टडॉक फेलोशिप असो, जर्मनीची हुम्बोल्ट असो वा जपानची जेएसपीएस, यजमानाच्या संमतीशिवाय अर्ज पुढे जात नाही; जेएसपीएसच्या खुल्या फेरीत तर अर्ज जपानमधील यजमान संशोधकच त्याच्या संस्थेमार्फत करतो. त्यामुळे फेलोशिप हवी असली तरी सुरुवात पत्रापासूनच होते, आणि ज्या गटप्रमुखाने ‘निधी नाही’ असे कळवले त्याच्याशी बोलणे पुढे नेण्याची ती उत्तम संधी असते. त्या चौघांना पुन्हा लिहा. ‘निधी मी मिळवण्याचा प्रयत्न करीन, आपण यजमान व्हाल का?’ हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला होकार येण्याची शक्यता बरीच जास्त असते.

पात्रतेची घड्याळे मात्र निरनिराळी आहेत आणि ती आजच लिहून ठेवावीत. हुम्बोल्टची पोस्टडॉक श्रेणी पीएचडीनंतर चार वर्षांपर्यंत खुली असते, सहा ते चोवीस महिन्यांची असते आणि तिचा अर्ज वर्षभरात केव्हाही करता येतो. जेएसपीएससाठी पीएचडी सहा वर्षांच्या आतली लागते. मारी क्यूरीसाठी पीएचडीनंतरच्या संशोधनाची मर्यादा आठ वर्षांची आहे, प्रसूती वा आजारपणासारखे खंड त्यातून वगळले जातात, आणि तिची गतिशीलतेची अट अनेकांना उशिरा कळते: अर्जाच्या अंतिम तारखेपूर्वीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य किंवा काम झालेले नसावे. म्हणजे एखाद्या देशात आधी प्रकल्पातील जागा घेऊन दीड वर्षाने त्याच देशासाठी ही फेलोशिप मागायची, असा बेत असेल तर तो बसत नाही. नियम फेरीगणिक थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षाची मार्गदर्शिका मुळातून वाचावी. अमेरिकेच्या एनएसएफच्या पोस्टडॉक फेलोशिप तेथील नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच असतात; इतरांना तिथे प्रकल्पातील जागा हाच मुख्य मार्ग आहे. जीवशास्त्राकडे वळायची तयारी असेल तर ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमची आंतरविद्याशाखीय फेलोशिप पाहावी. ती भौतिकी, रसायन, गणित, अभियांत्रिकी यांत पीएचडी करून सजीवांच्या प्रश्नांकडे येणाऱ्यांसाठीच आहे आणि तीन वर्षांची असते.

स्पर्धा तीव्र आहे. मारी क्यूरीच्या २०२५ च्या फेरीत १७,००० हून अधिक अर्ज आले. म्हणून केवळ फेलोशिपवर विसंबून राहू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तिच्या मूल्यांकनात वैज्ञानिक उत्कृष्टतेला ५० टक्के, परिणामाला ३० टक्के आणि अंमलबजावणीला २० टक्के वजन असते. माझ्या पहिल्या दोन्ही अर्जांत मी सगळी शक्ती विज्ञानावर खर्च केली होती, आणि ‘या दोन वर्षांत उमेदवार काय शिकेल व पुढे कुठे पोहोचेल’ हा भाग शेवटच्या दोन दिवसांत उरकला होता. गुण तिथेच गेले. तिसऱ्या वेळी तो भाग यजमानांसोबत बसून लिहिला: कोणते तंत्र कोणाकडून शिकायचे, कोणत्या महिन्यात, आणि त्यातून माझे स्वतंत्र काम कसे उभे राहील. अर्ज चांगला व्हायचा तर त्याला तीन महिने द्यावे लागतात. बऱ्याच विद्यापीठांत अर्जदारांना मदत करणारे कार्यालय असते आणि काही संस्था उन्हाळ्यात यासाठी कार्यशाळाही घेतात; यजमानाकडे त्याची चौकशी अवश्य करावी.

कणाद_३

जाहिरातींच्या ठिकाणांपुरती भर घालतो. युरोपसाठी युराक्सेस आणि ब्रिटनसाठी जॉब्स डॉट एसी डॉट यूके ही दोन ठिकाणे पाहिलीच असतील. पण खऱ्या अर्थाने उपयोगी जाहिराती त्या त्या शाखेच्या घरच्या सूचींवर आधी येतात. संख्यात्मक गणितासाठी एनए डायजेस्ट, प्रवाह-प्रतिरूपणासाठी सीएफडी ऑनलाइनचे नोकरीचे पान, घनपदार्थांच्या यांत्रिकीसाठी आय-मेकॅनिका, इलेक्ट्रॉनरचनेच्या गणनेसाठी साय-के, उत्क्रांतीच्या अभ्यासकांसाठी इव्होलडिर, कणभौतिकीसाठी इन्स्पायर, खगोलशास्त्रासाठी अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची जॉब रजिस्टर. तुमच्यासाठी इंटरपोर ही सच्छिद्र माध्यमांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिची वार्षिक परिषद हे गटप्रमुखांना प्रत्यक्ष भेटण्याचे सर्वांत योग्य ठिकाण.

राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि मोठ्या संशोधनसंस्था आपल्या जागा अनेकदा फक्त स्वतःच्या पानावर टाकतात, त्यामुळे ती पाने वेगळी पाहावी लागतात. काही अमेरिकी प्रयोगशाळांत नागरिकत्वाची अट असते; अर्ज भरण्याआधी ती तपासावी. हंगामाचे म्हणाल तर अभियांत्रिकीत तो नसतो, जागा वर्षभर निघतात. खगोलशास्त्रात मात्र बहुतेक अर्ज शरद ऋतूत जातात, आणि १५ फेब्रुवारीपूर्वी उमेदवाराला होकार-नकार देण्याची सक्ती करू नये असा संकेत तिथे पाळला जातो.

मृद्गंध

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन दिवस गेप्रिस आणि कॉर्डिसवर घालवले आणि माझ्या कामाशी थेट नाते सांगणारे सात प्रकल्प सापडले. त्यांतले पाच तर ‘सच्छिद्र’ हा शब्द शीर्षकात न वापरणारे आहेत. इंधनघटातील पाण्यावर काम करणाऱ्या एका गटासाठी पत्राचा मसुदा केला आहे. त्याचा मुख्य भाग असा:

‘आपल्या प्रकल्पाचा सारांश मी रसपूर्वक वाचला. माझे संशोधन द्विप्रावस्था प्रवाहाच्या प्रतिरूपणाशी संबंधित असून मला लॅटिस बोल्ट्झमन पद्धतीचा चार वर्षांचा अनुभव आहे. मी मेहनती असून नवीन गोष्टी लवकर आत्मसात करते. आपल्या गटात काम करण्याची संधी मिळाल्यास मी प्रकल्पाला महत्त्वपूर्ण योगदान देऊ शकेन असा मला विश्वास वाटतो.’

हे पुरेसे आहे का?

स्थिरप्रवाह

आधीपेक्षा खूपच चांगले आहे, पण अजूनही यातले पहिले, तिसरे आणि चौथे वाक्य कोणीही कोणालाही लिहू शकेल. दुसरे वाक्य तेवढे तुमचे आहे, म्हणून त्याला विस्तार द्या. त्या गटाचा शेवटचा निबंध उघडा आणि त्यात लेखकांनी स्वतः मान्य केलेली मर्यादा शोधा. ती बहुधा चर्चेच्या भागात किंवा निष्कर्षाच्या अलीकडे असते. समजा त्यांनी तंतूंच्या पृष्ठभागाचा स्पर्शकोन (द्रव त्या पृष्ठभागाला ज्या कोनात टेकतो तो) सगळीकडे सारखाच धरला आहे. तर असे लिहा: ‘आपल्या निबंधात स्पर्शकोन एकसमान गृहीत धरला आहे. माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मी मिश्र आर्द्रतेच्या खडकांसाठी जागेनुसार बदलणारा स्पर्शकोन हाताळला असून, त्यामुळे द्रव अडकून राहण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडतो असे दिसले. आपल्या थरातील टेफ्लॉनचे असमान वितरण याच पद्धतीने तपासता येईल का, याबद्दल आपल्याशी बोलायला आवडेल.’ मेहनतीपणाबद्दल आणि विश्वासाबद्दल वेगळे लिहायची मग गरजच राहत नाही.

बाकी किरकोळ गोष्टी: पत्र दीडशे-दोनशे शब्दांत आटोपावे, विषयाच्या ओळीत प्रकल्पाचे नाव घालावे, प्रीप्रिंटचा आणि संगणक-आज्ञावलीच्या भांडाराचा दुवा द्यावा, केव्हापासून रुजू होऊ शकाल ते एका ओळीत सांगावे. दहा-बारा दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच पत्राखाली दोन ओळींची आठवण पाठवावी. अशा आठवणीचा मला कधीच त्रास वाटलेला नाही. उलट प्रवासात असताना मागे पडलेली कितीतरी चांगली पत्रे मला त्यामुळेच पुन्हा दिसली आहेत. दुसऱ्या आठवणीनंतर मात्र पुढच्या नावाकडे वळावे.

वाटसरू

मुलाखत आणि त्यापुढच्या गोष्टींबद्दल कोणी लिहिले नाही, आणि माझे नुकसान नेमके तिथे झाले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझ्या पहिल्या पोस्टडॉकमध्ये मला करार मिळाला तो एका वर्षाचा होता आणि ‘पुढे वाढवू’ असे तोंडी आश्वासन होते. वास्तविक त्या प्रकल्पाचा निधीच चौदा महिन्यांत संपणार होता. मी विचारले नाही आणि मला कोणी सांगितले नाही. दहाव्या महिन्यात पुन्हा शोध सुरू करावा लागला, तेव्हा हातात एकही पूर्ण झालेला निबंध नव्हता. म्हणून मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे विचारतात तेव्हा पुढील गोष्टी नम्रपणे, पण स्पष्ट विचाराव्यात. ही जागा कोणत्या अनुदानातून आहे आणि ते कोणत्या तारखेपर्यंत आहे? करार किती काळाचा, आणि वाढ कशावर अवलंबून? मागील दोन पोस्टडॉक आज कुठे आहेत? येथे सुरू केलेल्या कामातला कोणता भाग मला पुढे माझा म्हणून नेता येईल? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, परंतु पुढे स्वतःचा गट उभारायचा असेल तर तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

होकार देण्यापूर्वी त्या गटातून बाहेर पडलेल्या किमान दोघांशी बोलावे. आत असलेली माणसे मोकळेपणाने बोलू शकतीलच असे नाही, आणि त्यांना त्या अडचणीत टाकूही नये. लेखी विचारण्यापेक्षा फोनवर विचारावे. ‘गट कसा आहे?’ असा ढोबळ प्रश्न न करता ‘निबंधाचा मसुदा दिल्यापासून तो नियतकालिकाकडे जाईपर्यंत सरासरी किती दिवस लागत?’ असे काहीतरी नेमके विचारले तर खरी माहिती मिळते.

कराराचे स्वरूपही पाहावे. काही ठिकाणी पोस्टडॉक हा संस्थेचा कर्मचारी असतो, तर काही ठिकाणी त्याला केवळ विद्यावेतन मिळते. दुसऱ्या प्रकारात हातात येणारी रक्कम कधी जास्त दिसते, पण निवृत्तिवेतन, बेकारी विमा, प्रसूती रजा यांसारखे हक्क त्यासोबत येतीलच असे नसते. जर्मनीत मुदतबंद वैज्ञानिक नियुक्तीला पीएचडीनंतर साधारणपणे सहा वर्षांची मर्यादा आहे. अमेरिकेत जे-१ या देवाणघेवाण-अभ्यागतांच्या व्हिसाच्या रिसर्च स्कॉलर श्रेणीची कमाल मुदत पाच वर्षे असते, तो कार्यक्रम संपल्यावर त्याच श्रेणीत परतण्यासाठी २४ महिने थांबावे लागते, आणि काही जणांना त्याखेरीज दोन वर्षे मायदेशी राहण्याची अटही लागू होते. दुसरी जागा शोधताना या तारखा अचानक समोर उभ्या राहतात, त्यामुळे पहिलीच जागा घेताना त्यांचा हिशेब करावा.

शिफारसपत्रांचे तेवढे सांगून थांबतो. बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन नावे मागतात आणि तिन्ही आपल्याच विभागातील असली तर अर्ज किंचित फिका पडतो. ज्या बाहेरच्या सहलेखकाने किंवा परिषदेत भेटलेल्या संशोधकाने तुमचे काम खरोखर वाचले आहे, त्याला आताच विचारून ठेवा. पत्र मागताना सीव्ही, जाहिरात, अंतिम तारीख आणि ‘या पत्रात या दोन गोष्टींचा उल्लेख व्हावा असे वाटते’ अशी टीप सोबत दिली, तर पत्र नेमके होते आणि वेळेवरही जाते.

मृद्गंध

आपल्या सर्वांच्या सूचनांप्रमाणे पत्र पुन्हा लिहिले आणि गेल्या आठवड्यात सातही जणांना वेगवेगळी पत्रे पाठवली. तिघांची उत्तरे आली आहेत. एकाने यजमान होण्याची तयारी दाखवली आहे, एकाने डिसेंबरात जाहिरात निघणार असल्याचे कळवले आहे, आणि इंधनघटाच्या गटाने पुढच्या मंगळवारी ऑनलाइन भेटीसाठी बोलावले आहे. एक शंका उरली आहे. रुजू होण्याच्या तारखेपर्यंत माझ्या हाती पीएचडीचे पदवी प्रमाणपत्र येणार नाही, कारण दीक्षान्त समारंभ बऱ्याच उशिरा असतो. याची अडचण येते का?

स्थिरप्रवाह

बहुतेक ठिकाणी येत नाही. मौखिक परीक्षा झाल्यावर ‘पदवीसाठीच्या सर्व अटी पूर्ण झाल्या आहेत’ असे पत्र विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून किंवा कुलसचिवांकडून सही-शिक्क्यानिशी मिळते. मनुष्यबळ विभाग आणि व्हिसा कार्यालय सहसा ते ग्राह्य धरतात. त्या पत्रावर पदवी मिळाल्याची तारीख स्पष्ट लिहून घ्यावी, कारण फेलोशिपच्या वर्षांची मोजणी त्याच तारखेपासून होते. काही संस्थांचे वेतन पदवी पूर्ण होण्यावर अवलंबून असते, म्हणून मौखिक परीक्षेला उशीर होण्याचा संभव असेल तर ते मंगळवारच्या भेटीतच सांगा. रुजू होण्याची तारीख महिना-दोन महिने पुढे नेणे गटप्रमुखाला सोपे असते, करार झाल्यावर बदलणे अवघड. भेटीसाठी पंधरा मिनिटांत मांडता येईल एवढीच सादरफीत ठेवा, आणि त्यातली निम्मी त्यांच्या थरातील पाण्याबद्दल असू द्या.